मिठागर म्हणजे पडीक जमीन नव्हे

'पडीक' हा शब्द मोठा सोयीचा आहे. जेथे भात पिकत नाही, भाजी होत नाही आणि इमारतही उभी नाही, ती जमीन पडीक! मुंबई-वसई पट्ट्यातील मिठागरांच्या कपाळी आज हाच शिक्का बसू लागला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागराच्या जमिनीला मान्यता दिली. तेव्हा वाद केवळ शब्दाचा उरलेला नाही.

ज्याने मिठागराच्या बांधावर उभे राहून ते पाहिले आहे, त्याला ही जमीन पडीक म्हणवणार नाही. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, उधाणाच्या भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत ते उन्हावाऱ्याने आटू द्यायचे आणि स्फटिक धरले की ओढून बांधावर रास रचायची. हे सारे मृगाच्या सरीपूर्वी उरकायचे. खाऱ्या पाण्याने तळपाय चिरतात, पांढऱ्या चकाकीने डोळे दुखतात. अशा घामावर पिकणाऱ्या जमिनीला ओसाड म्हणणे हा त्या मजुराचा अपमान आहे. १९३० साली वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, त्या काही पडीक रानासाठी नव्हेत.

प्रतिपक्ष विचारील : हा धंदा आता कितीजणांना परवडतो? देशाचे बहुतेक मीठ तर गुजरातेतून येते. शिवाय गरिबांना घरे नकोत काय?

पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, हे प्रांजळपणे मान्य करू. परंतु मिठागराचे मोल केवळ मिठाच्या गोणींवरून ठरत नाही. ही सखल जमीन आहे. पावसाचे पाणी येथे पसरते, थांबते आणि ओहोटीबरोबर खाडीत उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तसा पाऊस पुन्हा आला तर ते पाणी कोठे थांबणार? भराव घालून इमारतीचे जोते उंच करता येईल. पण मग पाणी शेजारच्या बैठ्या चाळीत शिरेल, आणि तेथेही गरीबच राहतो. गरिबाला घर हवेच, पण ते पाण्याच्या वाटेवर का? त्याचे नाव पुढे करून त्यालाच बुडवणे, याला कनवाळूपणा म्हणत नाहीत.

पूर्वीच्या विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या जिभेवर मिठाची चिमूट ठेवीत. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ते स्मरत असेल. ज्या वस्तूला आपण एवढा मान दिला, तिच्या जमिनीविषयी आपण मुके राहावे, हे शोभणारे नाही. विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपली हरकत लेखी नोंदवावी. बांधापलीकडे रात्री भरावाचे ट्रक रिकामे होताना दिसले, तर खिडकी लावून घेऊ नये. सकाळी चौघांनी मिळून तक्रार द्यावी.

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण मुलांना शिकवतो. ती शिकवण आधी आपण पाळावी.