वरच्या मजल्यावरील आजीबाई

पिकल्या केसांच्या माणसानें मुलांची कादंबरी हातांत धरिली म्हणजे घरची मंडळी गालांत हंसतात. आमच्यावर तो प्रसंग आला नाहीं. गेल्या वर्षीं अमेरिकेंत चिरंजीवांकडे राहावयास गेलों होतों; तेथील सार्वजनिक वाचनालयाचीं ई-पुस्तकें त्यांच्या कार्डावर ‘लिबी’ नांवाच्या ॲपांतून टॅब्लेटवर येत. मुखपृष्ठ कोणास दिसत नाहीं आणि अक्षर हवें तेवढें मोठें करितां येतें. मोतीबिंदूच्या वाटेवरील डोळ्यांस ही सोय लहानसहान नव्हे.

मात्र पुस्तक कागदाचें नसलें तरी रांग चुकत नाहीं. वाचनालयाकडे जितक्या प्रतींचा परवाना, तितक्याच वाचकांस तें एका वेळीं मिळतें, आणि मुदत संपतांच आपोआप परत जातें. फिलिपा पिअर्स यांच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ या १९५८ सालच्या कादंबरीसाठीं आम्ही पांच आठवडे थांबलों.

भावास गोवर आल्यामुळें टॉमची रवानगी नातलगांच्या बिऱ्हाडीं होते. वाड्यासारखें तें जुनें घर; मागें अंगण फरसबंदीचें. पण रात्रीं घड्याळ तेरा ठोके देतें, आणि मागील दार उघडावें तों समोर विस्तीर्ण बाग! तेथें हॅटी नांवाची मुलगी त्याची सवंगडी होते. टॉम आहे तेवढाच राहतो, हॅटी मात्र भराभर मोठी होत जाते. लेखिकेचें बालपण केंब्रिजजवळील ग्रेट शेल्फर्ड येथें, गिरणीवाल्या वडिलांच्या घरीं गेलें. तेथील बागच या पुस्तकांत उतरली आहे. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहते, एक एकलकोंडी म्हातारी. तीच हॅटी! (रहस्य फोडल्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी, परंतु आमचें सारें म्हणणें तेथेंच आहे.)

दहाव्या वर्षीं हें वाचलें असतें तर आम्ही टॉमबरोबर बागेंत धांवलों असतों. आतां अर्ध्या पुस्तकानंतर आमचें लक्ष वरच्या मजल्याकडेच लागलें. आमच्या वाड्यांत एक आत्याबाई होत्या. माजघराच्या कोपऱ्यांत वाती वळीत बसत. त्या जन्मापासून म्हाताऱ्याच, अशी आम्हां मुलांची समजूत. एकदां त्या सहज म्हणाल्या, “मी नदी पोहून पलीकडे जात असें हो!” आम्ही खदखदून हंसलों आणि विटीदांडू घेऊन पळालों. कोणती नदी, हें विचारण्याचें आमच्या मनांतही आलें नाहीं. त्यांना जाऊन आतां पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं.

नातीनें तेंच पुस्तक आमच्याच टॅब्लेटवर दोन दिवसांत संपविलें. तिचा अभिप्राय असा कीं, गोठलेल्या नदीवरून घसरत जाण्याचा भाग सर्वांत सुंदर, शेवट “ठीक आहे.” आम्हीं वाद घातला नाहीं, तो भाग खरोखरच सुंदर आहे. शेवटचें प्रकरण पुन्हां वाचावें म्हणून आम्ही रात्रीं बसलों, तों मुदत संपून पुस्तक निघून गेलेलें! रांगेंत पुन्हां नांव घातलें. आमच्यापुढें चार वाचक होते.