शेवटाचे ओझे

साहित्याच्या अभ्यासात शेवटाला आपण नको तेवढे महत्त्व देतो, असे आमचे मत आहे. कथेचा अर्थ तिच्या अखेरच्या परिच्छेदात असतो आणि आधीचे सारे त्याची पूर्वतयारी असते, ही समजूत वर्गांतून व उत्तरपत्रिकांतून इतकी रुळली आहे की ती कोणी तपासत नाही. ती तपासण्यासाठी आम्ही साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतो.

३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांच्यात बेसबॉलचा सामना झाला. ऑगस्टमध्ये जायंट्स १३ सामन्यांनी मागे होते. अखेरच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून त्यांनी डॉजर्सना गाठले. नॅशनल लीगचे विजेतेपद ठरवण्यासाठी तीन जादा सामने ठेवले गेले, त्यांतला हा तिसरा. नवव्या, म्हणजे अखेरच्या डावात जायंट्स फलंदाजीला आले तेव्हा डॉजर्स ४-१ असे पुढे होते. एक धाव निघाली, दोन खेळाडू बेसवर राहिले. डॉजर्सनी थकलेल्या न्यूकोम्बच्या जागी राल्फ ब्रँकाला आणले. त्याचा दुसराच चेंडू बॉबी थॉमसनने डावीकडच्या प्रेक्षकांत धाडला. ५-४.

या फटक्याभोवती अमेरिकेने एक दंतकथा उभारली. डॉन डेलिलोच्या ‘अंडरवर्ल्ड’ (१९९७) या कादंबरीची सुरुवातच या सामन्याने होते; त्याच दिवशी जाहीर झालेली सोव्हिएत अणुचाचणीची बातमी तिथे त्याच्या शेजारी येते.

परंतु याच सामन्यात थॉमसन दुसऱ्या डावात बेसवर आधीच सहकारी उभा असताना तिकडे धावला आणि बाद झाला. आठव्या डावात डॉजर्सनी तीन धावा काढल्या, तेव्हा तिसऱ्या बेसवर तो उभा असताना त्याच्या बाजूने चेंडू निसटले. तो शेवटचा फटका बसला नसता, तर पराभवाचा धनी तोच ठरला असता. याउलट, १९४७ मध्ये वयाच्या २१व्या वर्षी २१ सामने जिंकणारा ब्रँका आयुष्यभर त्या एका चेंडूने ओळखला गेला. शेवटाने दोघांचाही भूतकाळ पुसून टाकला.

गोष्ट इथे संपत नाही. २००१ मध्ये जोशुआ प्रेगर या पत्रकाराने सप्रमाण दाखवले की त्या मोसमात जायंट्स मैदानापलीकडच्या खोलीतून दुर्बिणीने प्रतिपक्षाच्या खुणा वाचत आणि विजेच्या घंटेने त्या पुढे पोहोचवत. त्या चेंडूची खूण आपल्याला मिळाली होती, हे थॉमसनने नाकारले. ब्रँकाला हे प्रकरण कित्येक वर्षे आधी कळले होते. तरी त्याने त्याचा जाहीर बोभाटा केला नाही.

आता अनेक वाचक म्हणतात, हाच खरा शेवट; विजय खोटा होता. आम्हांला हा निष्कर्षही तितकाच घाईचा वाटतो. चोरी ती चोरीच. तिला क्षमा करण्याचे कारण नाही, आणि त्या मोसमातल्या मुसंडीवर तिचा डाग राहणारच. पण त्या दिवशीही दुर्बीण चालू होती असे मानले, तरी पहिल्या आठ डावांत जायंट्सना एकच धाव मिळाली, हे कसे विसरायचे? एका शेवटाच्या जागी दुसरा शेवट बसवला की वाचन पूर्ण होत नाही. निवाड्याची जुनी सवय तेवढी शाबूत राहते.

ज्याला आपण शेवट म्हणतो तोही बहुधा आपणच निवडलेला असतो. त्यानंतर काही दिवसांतच जायंट्स वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून ४-२ असे हरले. तो पराभव या गोष्टीत कोणी सांगत नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी: ‘शेवटाचे औचित्य स्पष्ट करा’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा. शेवट झाकून उरलेल्या मजकुरात कोणावर काय बेतले आहे, हे आधी विचारावे. ब्रँकासारख्या पात्रांना न्याय मिळण्याची शक्यता असलीच, तर ती तिथेच आहे.