इंग्रजीचे खाते आणि मुलाचा आत्मसन्मान

प्रगतिपुस्तकावर सही होण्याची वेळ व्यापारी घरात बहुधा रात्री येते. दुकान वाढवून वडील घरी परततात, हातपाय धुऊन जरा टेकतात आणि मग आठवीतला मुलगा हळूच ते पुढे करतो. गणितात ९१, मराठीत ८०, विज्ञानात ७८ आणि इंग्रजीत ४६. वडिलांचे बोट वरच्या तीन आकड्यांवर थांबत नाही. ते चौथ्यावर येऊन स्थिरावते. "बाकीचे ठीक आहे रे, पण इंग्रजीशिवाय आजकाल विचारतो कोण? आत्याचा मुलगा बघ, पाहुण्यांशी कसा फाडफाड बोलतो!" दिवाळीच्या गर्दीत बारा जिनसांची बेरीज तोंडी सांगणारा मुलगा त्या क्षणी घराच्या लेखी 'कच्चा' ठरतो. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला तो एक बाक मागे सरकतो.

असे प्रसंग अनेक घरांत घडतात आणि ते घडवणारे वडील मुलाचे शत्रू नसतात. महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्यापूर्वी मराठी शाळेत शिकलेल्यांची इंग्रजी मुळाक्षरांशी ओळख पाचवीत होत असे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक व्यापाऱ्यांना बँकेतला अर्ज भरताना किंवा मोठ्या कंपनीच्या माणसाशी बोलताना जे अवघडलेपण आले, ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही त्यांची तळमळ असते. परंतु तळमळ रागाच्या रूपाने बाहेर पडली की मुलापर्यंत पोहोचतो तो केवळ एक निरोप : तू कमी आहेस.

या निरोपाचा इंग्रजीच्या गुणांशी नेमका काय संबंध असतो, याचा विचार मानसशास्त्राने बराच केला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाची व्याख्या एका अपूर्णांकाच्या रूपात मांडली. अंशस्थानी मिळालेले यश, छेदस्थानी बाळगलेली अपेक्षा. छेद वाढत गेला तर अंश तोच राहूनही मनातली किंमत घटते, हे पावकी-निमकीच्या संस्कारात वाढलेल्या घराला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे १९६५ साली मॉरिस रोझेनबर्ग यांनी किशोरवयीन मुलांचा आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधानांची प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते.

नुसत्या कौतुकाचे भांडवल

आत्मसन्मान वाढवला की गुण आपोआप वाढतील, असा समज मध्यंतरी फार दृढ झाला होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली त्यासाठी एक कृतिदलच नेमले आणि १९९० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळाशाळांतून मुलांना 'तू विशेष आहेस' असे सांगितले जाऊ लागले. पुढे रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्याचा निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. आत्मसन्मान आणि शालेय यश यांचा संबंध आहे, पण तो माफक आहे. आणि चांगल्या कामगिरीतून आत्मसन्मान वाढतो असे दिसते, केवळ आत्मसन्मान वाढवल्याने कामगिरी सुधारते असे दिसत नाही.

व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर नुसते कौतुक म्हणजे माल न पाठवता फाडलेले बिल. काही दिवस कागदावर विक्री दिसते. हिशेब तपासण्याची वेळ आली की उघडे पडते. म्हणून मुलाला टाकून बोलणे जितके घातक, तितकीच पोकळ स्तुतीही निरुपयोगी.

प्रत्येक विषयाचे खाते वेगळे

मग मुलाच्या मनाचा आणि गुणांचा खरा दुवा कोठे आहे? १९७६ साली रिचर्ड शॅव्हलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, स्वतःविषयीची कल्पना एकसंध नसते. खतावणीत जशी निरनिराळी खाती असतात, तशी मुलाच्या मनात अभ्यास, मैत्री, खेळ, रूप यांची खाती वेगळी असतात आणि अभ्यासातही प्रत्येक विषयाचे पान निराळे असते. हर्बर्ट मार्श यांनी १९८६ साली यातील एक विलक्षण गोष्ट दाखवली. गणितात पुढे असणारी मुले बहुधा भाषेतही पुढे असतात. परंतु 'मी गणितात हुशार आहे' आणि 'मी भाषेत हुशार आहे' या दोन भावनांचा परस्परांशी जवळजवळ संबंध नसतो. याचे कारण असे की, मूल दोन तुलना एकाच वेळी करते. एक वर्गातील इतरांशी आणि दुसरी स्वतःच्याच अन्य विषयांशी.

व्यापारी घरातील मुलाच्या बाबतीत ही दुसरी तुलना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लहानपणापासून गल्ल्याजवळ बसून त्याचे अंकगणित पक्के झालेले असते. त्या ९१ गुणांच्या शेजारी इंग्रजीचे साधारण गुणही त्याला दरिद्री वाटतात. वर्गाच्या मानाने तो फारसा मागे नसेलही. पण स्वतःच्या गणिताच्या मानाने तो मागे असतो आणि 'भाषा हा माझा प्रांतच नव्हे' असे मनोमन ठरवून मोकळा होतो. ज्या खात्यात काही येणार नाही असे ठरले, त्यात कोणी भांडवल घालत नाही. इंग्रजीचे पुस्तक दप्तराच्या तळाशी जाते ते असे.

नामांकित शाळेत मूल घातले की प्रश्न सुटेल, ही आशाही तपासून घ्यावी. मार्श यांनीच दाखवले की, सारख्याच कुवतीची दोन मुले असतील, तर अधिक वरचढ मुलांच्या शाळेत गेलेल्या मुलाचा स्वतःच्या अभ्यासाविषयीचा विश्वास तुलनेने कमी राहतो. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात लहान वाटू लागतो. शाळा बदलू नये असा याचा अर्थ नव्हे; परंतु पाचवीत माध्यम बदललेल्या मुलीला पहिले वर्षभर तरी शेजारच्या बाकाशी तोलू नये, इतके त्यातून निश्चित घ्यावे.

तोंड का उघडत नाही?

गणितातील चूक वहीत राहते. इंग्रजी बोलतानाची चूक साऱ्या वर्गाला ऐकू येते. हा भेद साधा दिसतो, परंतु तोच निर्णायक आहे. इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकणाऱ्यांच्या भीतीचा अभ्यास करून ३३ विधानांची मोजपट्टी तयार केली. इतर विषयांत निर्भय असणारी व्यक्तीही परक्या भाषेच्या वर्गात का गोठते, याचे उत्तर त्यांना असे सापडले की, तेथे आपल्याला जे म्हणायचे आहे आणि जे म्हणता येते यांत मोठी दरी असते. मराठीत घरभर गप्पा मारणारी मुलगी इंग्रजीत दोन मोडकी वाक्ये बोलते, तेव्हा ती स्वतःलाच अनोळखी वाटते. ती गप्प बसते. गप्प बसल्याने सराव घटतो, सराव घटल्याने गुण घटतात आणि घटलेले गुण तिचे मौन योग्य ठरवतात.

या चक्राला पहिला छेद घरातून देता येतो, तो चुकीकडे पाहण्याची दृष्टी बदलून. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. इंग्रजी नामापुढे लागणारी 'ए', 'अॅन', 'द' ही उपपदे मराठीत नाहीतच. देवनागरीत जसे लिहावे तसे बहुतांशी वाचावे. इंग्रजीत सी-यू-टी 'कट' होते आणि पी-यू-टी 'पुट'. मूल येथे अडखळते, कारण त्याने मराठीचे नियम नीट आत्मसात केलेले असतात. ही मंदबुद्धीची खूण नव्हे, एका भाषेतून दुसरीत जाताना लागणारी जकात आहे. एवढे मुलाला समजले तरी 'मला येत नाही' याची जागा 'मला अजून येत नाही' ही भावना घेते.

घराने काय करावे?

प्रशंसा करावी, पण कशाची ते पाहून. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांपैकी काहींच्या हुशारीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती केली. पुढे कठीण प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीची स्तुती झालेली मुले लवकर खचली, नंतरच्या सोप्या प्रश्नांतही मागे पडली आणि स्वतःचे गुण वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. तेव्हा 'किती हुशार गं तू!' यापेक्षा 'मागच्या आठवड्यात अडलेला परिच्छेद आज न थांबता वाचलास' हे वाक्य अधिक काळ उपयोगी पडते. ते खरे असते आणि मुलीलाही ते खरे आहे हे ठाऊक असते.

इंग्रजीला उपयोग द्यावा. दुकानात येणाऱ्या खोक्यांवरील मजकूर, कापडाच्या धुलाईच्या सूचना, औषधाच्या वेष्टनावरील इशारे, कंपनीकडून आलेला ई-मेल, हे सारे मुलाकडून वाचून घ्यावे आणि अर्थ मराठीत सांगायला लावावा. आजीच्या मोबाइलवर आलेला इंग्रजी संदेश नातीने समजावून दिला, तर त्या दिवशी ती घराच्या उपयोगी पडलेली असते. असा सन्मान उसना नसतो. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिनेही संकोचू नये. रोज दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि तिने शेजारी बसून ऐकावे. हसणारे कोणी नाही अशी एक जागा त्याला हवी असते.

पाहुण्यांसमोर 'काकांना जरा इंग्रजीत बोलून दाखव' असे म्हणणे थांबवावे. मूल प्रत्येकच भाषेत अक्षरे उलटसुलट करत असेल, वाचन कमालीचे मंद असेल, तर ओरडण्यापूर्वी तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश असून, प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती आहेत.

आणि प्रगतिपुस्तकाच्या रात्री एक छोटासा बदल करावा. वर्षाअखेरचा आकडा पाहून कोणी जाणता व्यापारी पेढीला बुडीत ठरवत नाही. तो रोजकीर्द उघडतो आणि तूट कोठे आली ते शोधतो. त्याचप्रमाणे वडिलांनी प्रथम ९१ वर बोट ठेवावे आणि मग शांतपणे इंग्रजीची उत्तरपत्रिका मागावी. उताऱ्यात किती गुण गेले, व्याकरणात किती, निबंध वेळेअभावी राहिला की भीतीने, हे दोघांनी मिळून पाहावे. कदाचित कळेल की, गेलेल्या ५४ पैकी वीस गुण केवळ न लिहिलेल्या उत्तरांचे आहेत. येत असूनही चुकेल म्हणून कोरी सोडलेली ती जागा आहे.

ती कोरी जागा भरायला शिकवणीपेक्षा आधी धीर लागतो, आणि तो मुलाला घरातूनच मिळावा लागतो.