दोष रॅमचा, शिक्षा विंडोजला

घरी जोडलेला कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडू लागला, की बहुतेक जण विंडोज नव्याने टाकतात. रॅम सदोष असेल तर ही मेहनत वाया जाते. शिवाय कॉपी होणारे फोटो गुपचूप बिघडू शकतात, आणि ते नुकसान महिन्यांनी कळतं. मला खरी काळजी त्याची वाटते. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस ही रॅम-चाचणी रात्रभर चालवा. एक चूक दिसली तरी ती गंभीर माना. मग एकेक पट्टी त्याच स्लॉटमध्ये तपासा. प्रत्येक पट्टी तिथे चुकत असेल, तर संशय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरवर. अनेक कंपन्या रॅमला दीर्घ वॉरंटी देतात, तेव्हा बिल जपा. आणि दोष दूर होईपर्यंत त्या मशीनवर बॅकअप मुळीच घेऊ नका.