दिवा पेटला, पण गाडी कुणाची?

आमच्या परभणी जिल्ह्यात मुलगा जरा हुशार निघाला की अख्खं घर एकच स्वप्न बघायला लागतं : लाल दिव्याची गाडी! मुलगी हुशार निघाली तर आधी स्थळं बघतात आणि गाडीचं नंतर, पण तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवते. आमच्या शेजारच्या आजी अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक एमपीएससीवाल्याला "लाल दिव्याच्या गाडीतून ये रे बाबा" असा आशीर्वाद देतात. ती गाडी केव्हाच गेली, हे आजींना सांगायचं धाडस कुणाला होत नाही.

गेली कशी, ते थोडक्यात. १० डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की लाल दिवा फक्त घटनात्मक उच्च पदांवरच्या लोकांना आणि तोही ड्युटीवर असताना. पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन यांनी निळा, पांढरा किंवा बहुरंगी दिवा वापरावा. मग १ मे २०१७ पासून केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांतला १०८ वा नियमच बदलला आणि राष्ट्रपती-पंतप्रधानांपासून सगळ्यांचेच लाल दिवे उतरले. उरला तो लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा. तो आग, कायदा-सुव्यवस्था आणि आपत्ती यांच्या कामावर असलेल्या गाड्यांसाठी, आणि तोही काम चालू असेल तेव्हाच. शिवाय अशा गाड्या कुणाकुणाच्या, त्याची यादी परिवहन खात्यानं दरवर्षी जाहीर करायची आणि गाडीच्या काचेवर खात्याचं स्टिकर लावायचं, असंही त्यात आहे.

वाचायला किती छान वाटतं ना? पण मित्रमैत्रिणींनो, आता मला सांगा, जी पोलीस गाडी मुळात ओळखूच येऊ नये म्हणून वापरतात, तिनं काचेवर स्टिकर लावायचं कसं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो मिनी प्रोजेक्टमुळे. आमच्या चौघांच्या ग्रुपनं विषय घेतला : पोलिसांच्या साध्या गाडीसाठी इशारा-दिव्यांची निवड आणि कंट्रोल सर्किट. साधी गाडी म्हणजे वर 'पोलीस' लिहिलेलं नाही, रंग नाही, पट्टा नाही, शेजारच्या काकांची वाटावी अशी. ग्रुपमधल्या मुलांना वाटलं, सोप्पं आहे. सगळ्यात जास्त झगमगणारा दिवा शोधायचा आणि रिपोर्ट बांधायला टाकायचा. (कॉन्व्हेंटवालीला मराठी विभागात जागा दिल्याबद्दल संपादकांचे आभार. आकडे मी अजून इंग्रजीतच मोजते, पण भांडण मराठीतच जमतं. म्हणून हा लेख.)

अशी साधी गाडी आपल्याकडे लागते कशाला, हे परभणीकरांना सांगायला नको. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम अशी जिल्ह्याच्या दक्षिण अंगानं वाहते आणि रात्री तिच्या पात्रातली वाळू चाकांवर चढून चालू लागते. पोलिसांची नेहमीची गाडी ठाण्याच्या गेटबाहेर पडली की चहाच्या टपरीवरून फोन जातो. या 'लोकेशन' देणाऱ्या पोरांचा तोच धंदा. साहेबांची गाडी फाट्यावर पोचेपर्यंत पात्रात ना ट्रॅक्टर, ना हायवा, ना माणूस. त्यामुळे छापा घालायचा तर साध्या गाडीनंच जावं लागतं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

पण छापा पडल्यावर हायवा पळाला तर? मग त्या साध्या गाडीला पाच सेकंदांत पोलीस व्हावं लागतं. आणि हे काम दिव्याचं.

आता दिवा निवडताना इंजिनिअरिंग कुठे येतं ते बघा, कारण यात खरोखर मजा आहे. आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी. उजेडात काम करणाऱ्या पेशींना सगळ्यात जास्त दिसतो ५५५ नॅनोमीटरचा पोपटी प्रकाश. अंधारातल्या पेशींची पसंती सरकते ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे. संध्याकाळी बागेतला लाल जास्वंद काळपट पडतो आणि पानं मात्र उजळ दिसतात, ते यामुळेच. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवलं. आम्ही तक्त्यातले आकडे काढले. सारख्याच पॉवरचे दोन एलईडी घेतले, एक ६३० चा लाल आणि एक ४७० चा निळा, तर दिवसाच्या डोळ्याला लाल जवळजवळ तिप्पट प्रखर. आणि अंधारातल्या पेशींना? निळा दोनशे पट! अर्थात रस्त्यावर पूर्ण अंधार कधीच नसतो आणि दिव्याकडे सरळ बघितलं तर उजेडाच्याच पेशी काम करतात, त्यामुळे दोनशे पट हा आकडा जसाच्या तसा रस्त्यावर लागू होत नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून रात्री आधी जाणवतो तो निळा, हे खरं. म्हणून दिवसासाठी लाल, रात्रीसाठी निळा, आणि नियमानं दोन्ही एकत्र दिलेत ते शहाणपणाचंच आहे.

पुढचा प्रश्न, दिवा बसवायचा कुठे? साध्या गाडीच्या टपावर कायमचा दिवा ठेवला तर ती साधी राहतच नाही. जाळीच्या मागे, रेडिएटरपुढे लपवला तर विझलेला असताना छान लपतो, पण फार खाली येतो. समोर उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरवाल्याला तो जन्मात दिसणार नाही. डॅशबोर्डवर ठेवला तर काचेवरून उलटा फिरून स्वतःच्याच ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. त्याला तिन्ही बाजूंनी काळ्या रबराची झडप लावावी लागते. लोहचुंबकाचा दिवा खिडकीतून हात काढून टपावर चिकटवायचा, हा सिनेमातला प्रकार हसण्यावारी नेऊ नका. उंचीवर असल्यानं तोच चारही बाजूंनी दिसतो. आमचं मत शेवटी जाळीतले दोन आणि टपावरचा एक यावर आलं. मागच्या काचेत एक वेगळा, कारण गाडी थांबल्यावर मागून येणाऱ्या ट्रकनं ठोकू नये.

लुकलुकण्याचा वेग हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या भांडणाचा मुद्दा. मुलांना वाटतं, जितकं फास्ट तितकं भारी. युरोपातल्या नियमात सेकंदाला २ ते ४ वेळा, बस्स. त्याहून फार वेगानं लुकलुकणारा दिवा घाबरवतो, काही जणांना फिट येऊ शकते, आणि मुख्य म्हणजे समोरची गाडी किती अंतरावर आहे याचा अंदाज चुकतो. प्रखरतेचंही तसंच. दुपारी दोन वाजता, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात जो दिवा जेमतेम दिसतो, तोच रात्री दोन वाजता इतका आंधळा करतो की त्या गाडीशेजारी उभा असलेला हवालदारच दिसत नाही. त्यामुळे रात्री प्रखरता उतरवणारा एलडीआर हवाच. तीस रुपयांची गोष्ट आहे हो!

हे सगळं नीट झालं. रंग ठरला, जागा ठरली, वेग ठरला. आणि मग मी ग्रुपला विचारलं : हा दिवा बघून मी का थांबायचं?

सगळे गप्प.

मागच्या थंडीत नांदेडचं लग्न आटोपून आम्ही रात्री घरी येत होतो. झिरो फाट्याच्या आसपास मागून एक पांढरी गाडी आली. काचेत लाल-निळं लखलखत होतं. आई म्हणाली, थांबू नका. बाबा म्हणाले, पोलीस असले तर? आई म्हणाली, आणि नसले तर? मागच्या सीटवर मी, माझी मावसबहीण आणि लग्नातले दागिने. बाबांनी स्पीड कमी केला, इंडिकेटर चालू ठेवला आणि तसंच चालवत पेट्रोल पंपाच्या उजेडात नेऊन गाडी उभी केली. मागची गाडीही आत आली. उतरली ती आमच्याच वयाची दोन पोरं, तीही लग्नाहूनच परतणारी. बाबांनी विचारलं, हा दिवा कशाला? उत्तर मिळालं, "साइड मिळते ना, अंकल."

साइड मिळते! दुसऱ्याच्या घाबरण्यातून मिळालेली साइड.

पुढे पोलीसच निघाले असते तर बाबांच्या न थांबण्याला काय म्हटलं असतं? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४-ई कलम आलं आहे : अग्निशमन, ॲम्ब्युलन्स किंवा राज्यानं ठरवलेल्या आपत्कालीन गाडीला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. म्हणजे दिवा ओळखणं ही माझी जबाबदारी. आणि तो दिवा ॲक्सेसरीजच्या दुकानात काही शे रुपयांत, सक्शन कपासकट, कुणालाही मिळतो. सरकारी सेवक असल्याचं सोंग घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २०४ कलमात किमान सहा महिने शिक्षा आहे, पण ती पकडल्यावर. रात्री साडेअकराला रस्त्यावर ते कलम माझ्या काय कामाचं?

मोठ्यांचं सोडा म्हणाल तर तेही सोडता येत नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवरच्या दिव्यावरून केवढा गदारोळ झाला, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लाल दिवा गेला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, पण हौस कुठे गेली? ती फक्त निळी झाली.

आता 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण छाती फुगवून म्हणतो, तर जर्मनीचंच बघू. तिथं पोलिसांचा दिवा निळा, १९३८ पासून. तिथंही साध्या गाडीतले पोलीस असतात आणि तेही लोहचुंबकाचा निळा दिवा टपावर चिकटवतात. पण पुढची गोष्ट महत्त्वाची. त्यांच्या गाडीत एक पाटी असते, विझलेली असताना दिसत नाही. पेटली की अक्षरं उमटतात, 'पोलीस, मागे या'. नाहीतर लाल चकतीची काठी खिडकीतून दाखवतात. म्हणजे दिवा फक्त लक्ष वेधतो. आम्ही कोण, हे अक्षरं सांगतात. ब्रिटनमध्ये तर १९८८ च्या कायद्यानुसार चालत्या गाडीला थांबवायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसालाच. तरीही २०२१ मध्ये लंडनला नोकरीतल्याच एका पोलिसानं ओळखपत्र दाखवून एका तरुणीला गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी ठरवलं, की साध्या वेशातला एकटा पोलीस एकट्या बाईला अडवेल तेव्हा त्यानं कंट्रोल रूमला व्हिडिओ कॉल लावून तिची खात्री करून द्यायची. खात्री करून देणं हे पोलिसाचं काम ठरलं, तिचं नाही. हे मला फार पटलं.

आपल्या कायद्यातही याचं बीज आहेच. मोटार वाहन कायद्याचं १३० वं कलम म्हणतं, लायसन्स दाखवायचं ते गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. मग माझं म्हणणं इतकंच, की साध्या गाडीनं पाठलाग करावा, लक्ष ठेवावं, छापा घालावा. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला रात्री थांबवायचं असेल तर आत किमान एक जण गणवेशात असावा, पेटणारी 'पोलीस' पाटी असावी, आणि गाडीचा नंबर ११२ ला आधीच कळवलेला असावा. म्हणजे मी काच न उतरवता, इंडिकेटर लावून, उजेडापर्यंत हळू चालवत ११२ ला फोन करून विचारू शकेन, ही गाडी तुमची का? आणि असं विचारलं म्हणून माझ्यावर कुणी डाफरू नये.

यावर आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, "वाळूवाला काय ११२ ला फोन करत बसणार आहे का?" नाही करणार. तो तसाही पळणारच, दिवा कितीही ल्युमेनचा लावा. पण त्या रस्त्यावर वाळूवाले चार आणि बाकीचे चारशे. दूधवाले, लग्नाचे, दवाखान्यात निघालेले, नांदेडहून शेवटच्या बसनं उतरून भावाच्या गाडीवर बसलेली माझ्यासारखी. दिवा निवडायचा तो या चारशेंसाठी.

जाता जाता बॉइज हॉस्टेलच्या पार्किंगबद्दल. मी परवा मोजल्या, अकरा बाइकना पुढे लाल-निळ्या लुकलुकणाऱ्या पट्ट्या आहेत. नावं लिहीत नाही, नंबर लिहून ठेवलेत. रेक्टर सरांनी मनावर घेतलं तर एका संध्याकाळचं काम आहे, स्क्रूड्रायव्हर मी देते.

प्रोजेक्टचं म्हणाल तर दिवे झाले, एलडीआर चालतो, अडलंय ते पाटीवर. इंग्रजी अक्षरं आठ बाय आठच्या मॅट्रिक्समध्ये निमूट बसतात, पण आपल्या 'ली'ची वेलांटी वरून बाहेर जाते आणि 'पो'चा काना शेजारच्याला टेकतो. एकानं सुचवलं, सरळ इंग्रजीत लिहू. मी, कॉन्व्हेंटवाली, म्हटलं अजिबात नाही. ट्रॅक्टरवाल्या काकांना वाचता आलं पाहिजे. सोळा बाय सोळाची ऑर्डर दिली आहे. तोपर्यंत ब्रेडबोर्डवर नुसता 'स' पेटतो.