गुळाला मानांकन, गुळव्याला काय?

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. पहिल्या रव्यांना चढा दर मिळतो, त्याची छायाचित्रे छापून येतात आणि हंगाम सुरू झाल्याची ग्वाही शहराला मिळते. ज्या हातांनी तो रवा काहिलीतून उतरविला, त्यांची मात्र बातमी होत नाही. गुळाच्या दराची चर्चा दरवर्षी होते. गुऱ्हाळावर राबणाऱ्या हंगामी मजुराच्या दराची चर्चा होते ती केवळ माणूस मिळेनासा झाला म्हणजे.

शाहूपुरीच्या रहिवाशांना तरी हा विषय परका वाटू नये. ही पेठ वसली तीच मुळी गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, ही बाजारपेठ उभी केली. करवीर आणि पन्हाळ्याच्या शिवारातील गूळ येथून परप्रांतात, विशेषतः गुजरातेत जाऊ लागला. कालांतराने हा व्यापार शाहू मार्केट यार्डात गेला. पेठ सरकली, पण तिचा पाया असलेले गुऱ्हाळ शिवारातच राहिले.

गुऱ्हाळाचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. फडातून आलेला ऊस घाण्यात घालायचा, रस काहिलीत घ्यायचा, चुलवाणात वाळलेली चिपाडे सारत जाळ सतत सारखा ठेवायचा. रस तापू लागला, की भेंडीचे पाणी घालून वर येणारी मळी काढायची. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, की काहील उतरायची. गुळव्या तापमापक पाहत नाही. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी बोटांनी दाबून तो निर्णय घेतो. क्षणभराची चूक झाली, तर रंग काळवंडतो किंवा रवा बसत नाही. हा निर्णय दिवसातून अनेकदा, आगीच्या धगीत, अपुऱ्या झोपेनिशी घ्यावा लागतो. साधारणपणे टनभर उसापासून १०० ते १२० किलो गूळ निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे एकेका रव्यामागे किती ऊस तोडावा, वाहावा आणि आटवावा लागतो याची कल्पना येते.

मजुरी अनेक ठिकाणी आदणावर ठरते. पाऊस आला, वीज गेली, ऊस वेळेवर आला नाही, तर आदण निघत नाही आणि त्या दिवसाचे पैसेही नाहीत. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. उरलेले महिने दुसऱ्याच्या शेतावर किंवा शहरातील बांधकामावर.

येथे मालकाला खलनायक ठरविणे सोपे, पण अन्यायाचे होईल. गुऱ्हाळमालक बहुधा स्वतःच अल्पभूधारक शेतकरी असतो. साखर कारखान्याला ऊस घातला, तर किमान एफआरपीचे आणि १४ दिवसांत रक्कम देण्याचे कायदेशीर बंधन असते. गुळाला असा आधार नाही. सौद्यात निघेल तो दर. साखर मिसळलेल्या स्वस्त गुळाशी स्पर्धा करायची ती वेगळीच. परिणामी एकामागून एक गुऱ्हाळे बंद पडत गेली. तोटा वाढला, की पहिली कात्री मजुरीला लागते. मजुरी घटली, की कुशल माणूस औद्योगिक वसाहतीची वाट धरतो. आणि तो गेला, की गुळाची प्रत घसरते. हे दुष्टचक्र आहे.

प्रश्न आहे तो कायद्याच्या नजरेचा. कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या हालअपेष्टा कमी नाहीत. तरीही संघटनेच्या बळावर त्यांना काही पदरात पाडून घेता आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांच्या गाळपावर टनामागे आकारणी आहे. गुऱ्हाळाचा ऊस या हिशेबात येत नाही, म्हणून त्यावर राबणारा माणूसही येत नाही. कारखानाविषयक कायद्याची व्याप्ती कामगारांच्या संख्येवर ठरते. आठ-दहा माणसांचे गुऱ्हाळ तिच्याबाहेर राहते. स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता.

सर्वांत बोचरी विसंगती अपघाताच्या मदतीची आहे. राज्याच्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची तरतूद आहे. मात्र ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. एकाच काहिलीजवळ उभ्या असलेल्या दोघांपैकी सातबारावर नाव असलेल्याला आधार, आणि उकळता पाक प्रत्यक्ष उपसणारा भूमिहीन मजूर मात्र त्याबाहेर. भाजण्याचा धोका सातबारा पाहून येत नाही.

उपाय अशक्य नाहीत. गावोगावच्या गुऱ्हाळांची आणि मजुरांची हंगामापूर्वी ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. अपघात योजनेत भूमिहीन शेतमजुराचा समावेश व्हावा. बाजार समितीत येणाऱ्या प्रत्येक क्विंटलमागे अल्प आकारणी करून त्यातून या मजुरांचा विमा उतरविता येईल. हा भार एकट्या शेतकऱ्यावर न टाकता खरेदीदारानेही उचलावा. चिमणीची सुधारित रचना आणि काहील उतरविण्याची यांत्रिक सोय यांना अनुदान मिळाले, तर धूर आणि धोका दोन्ही कमी होतील.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीचा, पाण्याचा आणि परंपरागत कौशल्याचा तो गौरव होता. यातील माती आणि पाणी येथेच राहील. कौशल्य मात्र माणसाच्या बोटांत असते, आणि ही बोटे पोटासाठी दुसरे काम शोधू लागली आहेत. शाहू महाराजांनी गुळासाठी पेठ वसविली. त्या पेठेच्या वारसांनी गुळव्यासाठी निदान एक नोंदवही उघडावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.