भिंत आपली, मीटर कोणाचे?

गेल्या दिवाळीच्या आधी घराला रंग काढायचे ठरले, आणि रंगापाठोपाठ नवे कपाट आले. दाराजवळच्या भिंतीवरचे विजेचे मीटर नेमके त्याच्या आड येत होते. आमचा नेहमीचा वायरमन भिंतीकडे बघून म्हणाला, ‘‘काका, जिन्याखाली घेऊन टाकू. रविवारी अर्ध्या तासाचं काम. कंपनीला कशाला कळवायचं?’’

मोह झाला, हे कबूल करतो. भिंत आपली, बिल आपण भरतो. मग मीटर चार हात सरकवायला परवानगी कोणाची?

पण ती लागते. २००३च्या विद्युत कायद्याचे १३८वे कलम सांगते की, परवानगीवाचून मीटर वीजवाहिनीला जोडणे किंवा तिच्यापासून तोडणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही चोरी केली नाही’ हे उत्तर इथे पुरे पडत नाही. वीजचोरीचे कलम वेगळे, ते १३५वे. मीटर आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतले असले, तरी ते तपासून बसवायचे आणि सील करायचे काम वीज कंपनीचेच, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २००६चे नियम सांगतात.

आमच्या वायरमनजवळ सरकारी परवाना आहे. तो चालतो, पण मीटरच्या पुढच्या, घरातल्या वायरिंगपुरता. ही रेघ ओढण्यामागे शहाणपण आहे. घरातला मेन स्विच मीटरच्या पुढे असतो. तो बंद केला तरी मीटरमध्ये येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. अर्ध्या तासाच्या त्या कामात जीव जायला एक क्षण पुरतो, आणि जाणार तो बिचाऱ्या वायरमनचा.

तेव्हा कायद्याशी माझे भांडण नाही. खर्च आपण भरायचा, हेही मान्य. भांडण आहे ते पुढच्या पायरीशी. रीतसर अर्ज घेऊन मी कार्यालयात गेलो. पहिल्या खेपेला साहेब जागेवर नव्हते, दुसऱ्या खेपेला अर्ज सापडेना, तिसऱ्या खेपेला ‘माणूस पाठवतो’ असे आश्वासन मिळाले. खिडकीपाशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हळूच विचारले, ‘‘तुमच्याकडे वायरमन नाही का?’’

एखादे काम फक्त आपणच करायचे, असा हक्क ज्याला कायद्याने दिला, त्याने ते वेळेवर करायला नको का? सरळ माणसाला महिनाभर ताटकळत ठेवले, तर तो रविवारी जिन्याखाली काम उरकून घेतो, आणि मग सील तुटलेले दिसले की गुन्हेगार ठरतो. अर्ज घेताना तारीख लेखी द्यावी, एवढे साधे मागणे आहे.

मीटर अजून जागेवरच आहे. कपाट ओसरीत उभे असून त्यात सध्या सौभाग्यवतींचे पापडांचे डबे आहेत.